एका भोकात दोन दाणे

खैरीटोल्यात ऐन लग्नसराईत मंडप मिळेल, आचारी मिळेल, नशीब जोरावर असेल तर नवरीसुद्धा मिळेल. पण आषाढात धान रोवण्याची टोळी मिळणं नाही. त्यातून यंदा पाऊस तीन आठवडे उशिरा आला. सगळ्या गावाचे पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, एकाच वेळी गुडघ्याला लागले आणि सगळं गाव एकाच वेळी चंदाबाईच्या दारात उभं राहिलं. चंदाबाईच्या टोळीत तिला धरून बारा बाया. बाराही अशा, की सकाळी वाकल्या तर जेवणालाच सरळ व्हायच्या. चंदाबाई ओसरीवर पाय पसरून बसायची आणि येईल त्याला तारीख द्यायची. ज्याच्याशी तिचं पटे त्याला जवळची, ज्याच्याशी पटत नसे त्याला दिवाळीनंतरची.

आदेशला गुरुवार मिळाला. तो काही त्याच्या कर्तबगारीवर मिळाला नव्हता. त्याची बायको दिव्यानी आठ दिवस चंदाबाईच्या ओळीत वाकून लोकांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, रोवत होती, तिच्या कमरेच्या भरवशावर तो मिळाला होता. गुरुवारी सूर्य बुडेपर्यंत अडीच एकर उरकायचं. शुक्रवारी टोळी शेजारच्या गुणवंतरावांच्या शेतात जाणार. राहिलं ते राहिलं. पऱ्ह्यांचे शेंडे आधीच पिवळे पडत होते. आणखी आठ दिवस गेले असते तर ते रोवण्याऐवजी सरळ म्हशीपुढे टाकायची पाळी होती.

आदेश एकतीस वर्षांचा. हे नाव बापानं फार विचार करून ठेवलं होतं. बापाच्या पाठीमागे मात्र ते कोणी मनावर घेतलं नाही. बैल त्याचं ऐकत नसत, म्हणून बैल विकले. ट्रॅक्टर भाड्यानं येई, तो ड्रायव्हरचं ऐके. दिव्यानी तर बारावी पास, तिला ऐकण्यापेक्षा सांगण्याची सवय. गावातल्या नाटकात मात्र त्याला मान होता. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, दिवशी पडदा उघडण्याआधी जो शंख वाजतो तो आदेशच वाजवायचा, आणि तो असा वाजवायचा की पलीकडच्या गावातली कुत्री उठून बसत. घरात त्याचा आवाज फुटत नसे, म्हणून तो असा वर्षातून एकदा शंखातून निघे, असं लोकांचं म्हणणं होतं.

सकाळी बांधीवर दिव्यानीनं कामं वाटून दिली.

"तुम्ही पेंड्या फेकजा. धुऱ्यावर तूर टोबजा. आन पोट्टीकडे ध्यान ठेवजा."

"तीन कामं?"

"तीनही उभ्या-बसल्याच कराची हायेत," दिव्यानी म्हणाली. "वाकाचं काम मी करतो."

आदेशनं पऱ्ह्यांच्या बांधलेल्या पेंड्या चिखलात जागोजाग फेकल्या. बारा आणि एक अशा तेरा बाया डोक्यावरून पन्न्या ओढून ओळीत वाकल्या. पाऊस पडत होता म्हणावं तर पडत नव्हता, थांबला म्हणावं तर पन्न्यांवर टपटप चालूच होती. आदेश तुरीची पिशवी आणि तीन वर्षांची आचल घेऊन धुऱ्यावर चढला.

बांधीत धान आणि बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर तूर, ही इकडची रीत. धानानं दगा दिला तरी वरणाची सोय होते. ओल्या धुऱ्यावर बोटानं भोक पाडायचं, दाणे टाकायचे, अंगठ्यानं माती दाबायची आणि वीतभर पुढे सरकायचं. आचल बापाच्या मागे मागे बसत-सरकत होती. तिच्या फ्रॉकचा मागचा भाग धुऱ्याच्याच रंगाचा झाला होता.

"बाबा, हे काय करून राह्यला?"

"तूर टोबून राह्यलो."

"मले बी."

आदेशला बरं वाटलं. आपल्या हाताखाली शिकायला कोणी तयार आहे, हा अनुभव त्याला नवा होता. त्यानं तिच्या तळहातावर चिमूटभर तूर ठेवली आणि शाळामास्तरासारखा घसा खाकरला.

"हे पाय. भोक दिसलं का दाणा टाकाचा. एका भोकात दोन दाणे. काऊन दोन? एक नाई उगवला त दुसरा उगवते. आन वरतून बोटानं दाबाचं. समजलं?"

"समजलं."

इतक्या लवकर या घरात आजवर कोणाला काही समजलं नव्हतं. आदेश खूष झाला आणि त्या खुषीत त्याला खर्ऱ्याची आठवण झाली.

आता हा खर्रा त्यानं महाशिवरात्रीला सोडला होता. मार्कंड्याच्या जत्रेत, वैनगंगेच्या पाण्यात गुडघाभर उभं राहून, पोरीच्या डोक्यावर हात ठेवून, दिव्यानीच्या समोर. शपथ फार मोठी होती. एकदम मोडणं शक्य नव्हतं, म्हणून तो ती रोज थोडी थोडी मोडत असे. धुऱ्याच्या टोकाला पळसाचं झाड होतं आणि त्याच्या ढोलीत प्लॅस्टिकच्या पन्नीत, रबर लावून, सुपारी-तंबाखू-चुन्याची ती घोटलेली पुडी वाट पाहत बसलेली असायची. आदेश तिकडे गेला. बांधीकडे पाठ केली, पन्नी सोडली, तोबरा भरून खर्रा डाव्या गालात नीट बसवला आणि डोळे मिटून दोन क्षण पळसाला टेकला. दोनच. फार तर चार.

परत आला तेव्हा आचल धुऱ्यावर बसून एका बोटानं नाक दाबत होती. तळहात रिकामा होता.

"बाबा, मी बी टोबली."

"उं?" आदेश म्हणाला. गाल भरलेला असल्यामुळे त्याला याहून लांब वाक्य परवडत नव्हतं.

"भोक दिसलं. मंग टाकली." आचलनं डावी नाकपुडी वर करून दाखवली. "आन वरतून दाबली."

आदेश चिखलात गुडघ्यावर बसला. त्यानं वाकून, तिरका होऊन, एक डोळा मिटून पाहिलं. आत, जिथे काही दिसायला नको तिथे, एक लालसर गोल पाठ चमकत होती. त्यानं बापानं करायला नको ते पहिलं काम केलं, म्हणजे करंगळी घातली. पोरीच्या नाकपुडीत करंगळीचं नखसुद्धा धड मावेना. पण जेवढं मावलं तेवढ्यानं ती लालसर पाठ दिसेनाशी झाली.

आचल रडायला लागली. आदेशनं तिला उचललं आणि तो बांधीकडे धावला. "दिव्यानी!" म्हणून हाक मारायची होती. तोंड आभाळाकडे करून त्यानं "उंवंऊंई!" अशी काहीतरी आरोळी ठोकली. तेरा बायांनी माना वळवल्या.

"काय झालं वं त्याले?" चंदाबाई म्हणाली. "साप-गिप पायला का काय?"

दिव्यानी मात्र नवऱ्याकडे न बघता पोरीकडे बघत होती. चिखलातून पाय उपसत ती आली, कोपरापासूनचे चिखलाचे हात लुगड्याला पुसले आणि पोरीला घेतलं. आदेशनं स्वतःच्या नाकाकडे बोट दाखवलं, मग पोरीच्या नाकाकडे, मग तुरीच्या पिशवीकडे. नाटकात त्याला शंखापलीकडे कधी काम मिळालं नव्हतं, पण हे सोंग सगळ्यांना कळलं.

"तूर? नाकात? तुम्ही कुठी होते?"

"उं..." आदेशनं हात पसरून आकाश, धुरा आणि एकूण सृष्टी दाखवली.

"घाबरून वाचाच बसली बिचाऱ्याची," कमळा म्हणाली. कमळा टोळीतली सगळ्यात दयाळू बाई.

एका मिनिटात ओळ मोडली. बारा बाया धुऱ्यावर चढल्या आणि बारा उपचार सुरू झाले. चंदाबाईनं कमरेची डबी काढली. "चिमूटभर तपकीर दे नाकाशी. अशी शिंकल का दाणा सिंदेवाहीच्या बाजारात जाऊन पडन." कमळानं केसांतली पिन काढून दातानं सरळ केली. तिसरी म्हणाली, पोरीला पायाला धरून उलटी टांगा आणि झटका. चौथी म्हणाली, कोमट तेल सोडा. पाचवी म्हणाली, तेलानं काय होते, मिठाचं पाणी सोडा. सहावीनं ताबडतोब पोरीची नजर काढली, कारण तिला खर्च नव्हता.

तेवढ्यात शेजारच्या शेतातून छत्री उघडून गुणवंतराव आले. गुणवंतरावांनी भाताच्या संशोधन केंद्रात बत्तीस वर्षं चौकीदारी केली होती. फाटकावर बसून त्यांनी इतके शास्त्रज्ञ आत-बाहेर जाताना पाहिले होते, की शास्त्र त्यांच्या अंगाला लागलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, सगळी हकीकत ऐकली आणि पहिला प्रश्न विचारला.

"बी कोणतं? घरचं का थैलीचं?"

"थैलीचं," दिव्यानी म्हणाली. "काऊन जी?"

"थैलीवर उगवण किती टक्के लिवली हाये?"

आदेशनं पिशवीतला कागद काढून पुढे केला. पंचाऐंशी टक्के.

गुणवंतरावांनी मान हलवली. "असं हाये पोरी. बी उगवाले तीन गोष्टी लागते. ओल, ऊब आन आंधार. धुऱ्यावर आज ओल हाये, पन ऊब नाई. नाकात तिन्ही हाये. आज भिजते, उद्या फुगते, परवा मोड निघते."

"मंग?"

"मंग काय, न उगवाचा पंधरा टक्के चान्स हाये."

आदेशच्या डोळ्यांपुढे पोरीच्या नाकातून निघालेलं तुरीचं रोपटं उभं राहिलं. पहिली दोन पानं, मग फांद्या, मग पिवळी फुलं. शाळेत नाव घालायला गेल्यावर मास्तर काय म्हणतील, इथपर्यंत तो पोचला. त्याच्या गालातला खर्रा पाघळायला लागला. थुंकावं तर शपथ उघडी पडणार, गिळावा तर आपणच आडवे होणार. तो मान वर करून उभा राहिला.

मोडाचं सोडा, पण फुगण्याचं गुणवंतराव बोलले त्यात खोटं नव्हतं. रात्रभर भिजत घातलेली तूर सकाळी केवढी होते, हे तिथल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. पोरीची डावी नाकपुडी सूं सूं वाजत होती. तेवढ्यात कमळानं पिन पुढे केली.

दिव्यानीनं तिचं मनगट धरलं. "कोणी हात लावाचा नाई. कोणी म्हणजे कोणीच नाई. मी रोशनीताईले फोन लावतो."

रोशनी गावची आशाताई. तिच्या हाताखालून गावातली चाळीस बाळंतपणं सुखरूप पार पडली होती, त्यामुळे चंदाबाईसुद्धा तिच्यापुढे तारखेची भाषा करत नसे. पण फोनला रेंज हवी, आणि या शेतात रेंज एकाच जागी असायची. बांध्यांच्या वरच्या अंगाला बोडी होती, म्हणजे गावच्या तलावाची धाकटी बहीण. तिच्या मातीच्या उंच पाळीवर, मोहाच्या झाडापासून सात पावलं पूर्वेला. मग सगळी मिरवणूक त्या सात पावलांवर गेली. पुढे पोर कडेवर घेतलेली दिव्यानी, मागे बाया, त्यांच्यामागे छत्रीखाली शास्त्र आणि सगळ्यात शेवटी, मान वर करून, आदेश.

रोशनी सिंदेवाहीला मीटिंगला गेली होती. दिव्यानीनं फोनचा आवाज मोठा केला.

"श्वास घेऊन राह्यली का?" रोशनीनं पहिलं हेच विचारलं.

"तोंडानं घेते. रडते बी."

"रडते त चांगलं हाये. रक्त?"

"नाई."

"आता सगळे आयका. नाकात पिन घालाची नाई."

कमळानं पिन केसांत खोवली.

"तपकीर नाई, मिरी नाई. शिंकाच्या आधी लेकरू आत ओढते, दाणा वरतं जाते."

चंदाबाईची डबी कमरेला गेली.

"तेल नाई, पाणी नाई. पाण्यानं आणिक फुगल. उलटं टांगाचं नाई. आन बोट त बिलकूल घालाचं नाई. कोणी घातलं का बोट?"

आदेशनं करंगळी मुठीत लपवली.

"आता सांगतो तसं करजा. आम्हाले ट्रेनिंगमध्ये शिकवलं. लेकराले मांडीवर घ्याचं. म्हणाचं, बाई, मले पप्पी दे. तिनं तोंड उघडलं का आपलं तोंड तिच्या तोंडावर घट्ट लावाचं. जी नाकपुडी रिकामी हाये ते बोटानं बाहेरून दाबाची. आन एक फूक माराची. बारकी, पन झटक्यानं. हवा तोंडातून जाते आन भरलेल्या नाकातून दाण्याले मागून ढकलते."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. मग पदरापदरांतून खिदळणं सुरू झालं.

"पप्पीनं दाणा निघते?" चंदाबाई फोनकडे वाकून म्हणाली. "बाई, मंग आमच्या घरचा म्हातारा त चाळीस वर्षं मोफत दवाखाना चालवून राह्यला होता!"

"हासू नोका, मावशी. तीन-चार डाव करून पाहा. नाई निघालं त दवाखाना. उद्यावर टाकाचं नाई."

दिव्यानी पाळीवर मांडी घालून बसली. आचलला समोर घेतलं. "आचल, मायले पप्पी दे."

आचलनं हुंदका आवरून पप्पी दिली. रडणाऱ्या पोरी पप्पी देतात तशी, ओली आणि शेंबडाची. दिव्यानीनं उजवी नाकपुडी दाबली आणि फुंकर मारली. फुस्स करून काहीतरी निघालं आणि तिच्या गालाला चिकटलं. कमळानं ते बोटावर घेतलं.

तुरीचा दाणा.

बायांनी असा गलका केला की बोडीतले बगळे उडाले. गुणवंतरावांनी दाणा छत्रीखाली घेऊन तपासला. चंदाबाईनं आभाळातल्या उजेडाचा अंदाज घेतला आणि हाक दिली, "चला वं, उतरा. अर्धी बांधी रिकामी हाये अजून." आदेशनं बोडीकडे दोन पावलं टाकली. आता सगळे खाली उतरले की पाळीआड जाऊन निवांत थुंकता येणार होतं. तेवढ्यात आचल म्हणाली,

"अजून एक हाये."

बाया थांबल्या.

"कुठी?" दिव्यानीनं विचारलं.

"आत." आचलनं नाकाकडे बोट नेलं. "बाबानं सांगतलं. एका भोकात दोन दाणे. एक नाई उगवला त दुसरा उगवते."

तेरा बायांनी एकदम आदेशकडे पाहिलं. गुणवंतरावांनी सवयीनं मान डोलावली. "शिफारस त तशीच हाये," ते पुटपुटले.

दिव्यानीनं पुन्हा पोरीला समोर घेतलं. पप्पी, फूक. काही नाही. पुन्हा पप्पी, फूक. नाकातून नुसता शेंबडाचा फुगा आला आणि फुटला. आचलला तो फुगा आवडला, ती हसायला लागली. पण हसताना तिची डावी बाजू बंदच होती. सकाळपासून वाकून दिव्यानीची छाती भरून आली होती आणि आता तिच्यात फुंकर उरली नव्हती.

"एकच डाव अजून," रोशनी फोनवरून म्हणाली. "तो बापाले करू दे. मंग थांबू नोका, गाडी काढा."

गाडी काढायची म्हणजे पंधरा किलोमीटर, त्यातले नऊ जंगलातून, आणि त्या नवात यंदा पट्टेदार वाघाची ये-जा वाढलेली. रस्त्यात पोर रडली, तोंडानं श्वास ओढता ओढता तो दाणा नाकातून घशाकडे सरकला तर? हा विचार दिव्यानीच्या तोंडावर लख्ख दिसत होता. रोवण्याचा विचार आता तिथे कोणाच्याच मनात नव्हता, चंदाबाईच्याही नाही.

"आदेशभाऊ काऊन नाई काढत?" कमळा म्हणाली. "शंख फुकते न थो. अख्ख्या तालुक्यात असा दम नाई."

"शंखासारखी फूक नाई माराची!" फोन ओरडला. "लेकराचं फुप्पुस वाटीएवढं हाये. छातीतून नाई, गालातली हवा पायजे. नुसत्या गालातली."

आणि आदेशचा गाल तर भरलेला होता.

"या न जी," दिव्यानी म्हणाली. "असे दूर काऊन उभे?"

आदेश आला. बसला. आचल मोठ्या हौसेनं त्याच्या मांडीवर चढली, त्याचे दोन्ही कान धरले, तोंड जवळ आणलं आणि एकदम मागे सरकली.

"बाबाच्या तोंडात खर्रा हाये."

तेरा बायांची नजर एकाच वेळी आदेशच्या डाव्या गालावर गेली.

"बास येते," आचलनं खुलासा केला.

दिव्यानीनं फक्त हात पुढे करून बोट बोडीच्या पाण्याकडे वळवलं. ती बोलली असती तर आदेशला सोपं गेलं असतं. तेरा बाया, एक चौकीदार आणि चालू असलेला फोन यांच्या साक्षीनं आदेश पाळ उतरला, पाठ न फिरवता, कारण आता पाठ फिरवून काही उपयोग नव्हता. थुंकला. पाणी होतंच समोर. पण महाशिवरात्रीला ज्यात उभं राहून सोडला ती वैनगंगा होती, ही बोडी. त्यानं चूळ भरली.

"अजून," वरून दिव्यानी म्हणाली.

त्यानं अजून भरली.

"अजून."

पाचव्या चुळीला चंदाबाई स्वतः खाली उतरली. तिनं निंबाचा डहाळा आणला होता. "चाव. आता कडू लागते म्हणू नोको, लेकराच्या डोक्यावर हात ठेवून खोटं बोलताना गोड लागलं न?" आदेशनं मूठभर पाला चावला. डोळ्यांतून पाणी आलं. ते पाल्याचं होतं असं त्यानं मागाहून सांगितलं.

वर आल्यावर दिव्यानीनं त्याचं तोंड हुंगलं. टोळीतल्या बायांनी ते पाहून मेंदूत नोंद केली. घरी जाऊन आपापल्या नवऱ्यांवर तो प्रयोग करायचा होता.

"घ्या आता."

आदेशनं पोरीला मांडीवर घेतलं. एवढ्या लोकांसमोर त्यानं शंख फुंकला होता, पण तेव्हा पलीकडे नुसतं नाटक होतं. हे पलीकडचं तोंड वाटीएवढ्या फुप्पुसाचं होतं.

"आचल, बाई, पप्पी दे."

"बास नाई न येत?"

"नाई येत. नेहमीसाठी नाई येत."

आचलनं विचार केला आणि तोंड उघडलं. आदेशनं ओठ लावले. उजवी नाकपुडी बोटानं दाबली. शंख वाजवणाऱ्याला एक गोष्ट माहीत असते, जी बाकीच्यांना नसते: आवाज छातीचा वाटतो, पण पहिला धक्का गालांचा असतो. त्यानं गाल फुगवले, पोरीच्या तोंडात आपली हवा अडल्याचं त्याला जाणवलं, आणि त्या अडलेल्या जागेवर त्यानं एकच बारीक झटका दिला.

टक्क.

"निघाला!" कमळा ओरडली.

"कुठी हाये?" दिव्यानी.

सगळ्यांनी खाली पाहिलं, पोरीच्या फ्रॉकवर पाहिलं, आदेशच्या मिशीत पाहिलं. कुठेच नाही. मग आचलनं बोट दाखवलं आणि ती खदखदून हसली. अधिक जवळून निरीक्षण करायला गुणवंतराव वाकले होते. त्यांच्या चष्म्याच्या डाव्या भिंगावर, मधोमध, शेंबडात बसवलेला तुरीचा दाणा होता.

गुणवंतरावांनी चष्मा न काढता त्याच्याकडे तिरळं पाहिलं. "फुगाले सुरुवात झाली होती," ते गंभीरपणे म्हणाले. "बी चांगलं हाये."

दिव्यानीनं पोरीला छातीशी धरलं आणि मग, आतापर्यंत न रडलेली, ती रडली. फोनमधून रोशनी सांगत होती: आता उजवी नाकपुडी दाबून डावीनं श्वास घेते का पाहा, घेते न? तरी उद्या सकाळी उपकेंद्रात आणा, मी डॉक्टरले आत टॉर्च मारून पाहाले लावतो. आन वास यायला लागला, रक्त आलं, ताप आला, त सकाळचीही वाट पाहू नका. सगळ्यांनी "हाव, हाव" म्हटलं. आचल डाव्या नाकानं सूं करून श्वास घेऊन दाखवत होती, सांगितलं नाही तेव्हासुद्धा.

मग चंदाबाईनं कमरेवर हात ठेवले. चेहऱ्यावर तिचा तारखा देतानाचा भाव परत आला.

"एक घंटा गेला. तेरा बायांचा म्हणजे तेरा घंटे. ते कोण भरन?"

सगळ्यांची नजर एकीकडेच होती.

"दिव्यानी, तू धुऱ्यावर जाय. पोट्टीजवळ बस, तूर टोब. आन हा..." चंदाबाईनं आदेशला वरपासून खालपर्यंत मोजलं, "हा तुझ्या जागेवर येते."

"मी? रोवाले?" आदेश म्हणाला. आता तोंड रिकामं असल्यामुळे त्याला पूर्ण शब्द बोलता येत होते, पण ते फारसे सुचत नव्हते. खैरीटोल्यात गडी चिखल करतो, पेंड्या फेकतो, धुऱ्यावर उभा राहून सूचना देतो. ओळीत बायांबरोबर वाकून रोवलेला गडी कोणी पाहिला नव्हता.

"काऊन? कंबर नाई का तुले?"

"हाये जी."

"मंग वाकव."

आदेश वाकला. डाव्या हाताला चंदाबाई, उजव्या हाताला कमळा. पहिल्या दहा मिनिटांत त्याची ओळ नागमोडी झाली, विसाव्या मिनिटाला पाठीत खिळा बसला, आणि अर्ध्या तासात त्याला कळलं की ज्या कमरेच्या भरवशावर आपल्याला गुरुवार मिळाला ती काय चीज आहे. तो सरळ व्हायला लागला की चंदाबाई न बघता म्हणायची, "जेवणाले वेळ हाये, भाऊ." त्याचे पऱ्हे पाण्यावर तरंगायला लागले की कमळा गुपचूप हात घालून ते पुन्हा खोवायची. बाया आपसात बोलत होत्या. आज रात्री कोणी कोणाचं तोंड हुंगायचं, हे सगळं ठरत होतं. शेजारच्या धुऱ्यावर गुणवंतराव छत्री घेऊन उभे होते आणि ओळीतलं अंतर दीड वीत ठेवा, असं पुन्हा पुन्हा सुचवत होते.

पण आदेशचं लक्ष वर होतं. वाकलेल्या माणसाला काखेखालून धुरा दिसतो. तिथे दिव्यानी टोबत होती. आचल तिच्या शेजारी उकिडवी बसली होती, नाक पुसलेलं, दोन्ही बाजू मोकळ्या, तळहात पसरलेला. दिव्यानीनं त्यावर तूर ठेवण्याआधी पोरीची हनुवटी धरली.

"आयक. भोक फक्त मातीतलं. नाकात टाकाचं का?"

"नाई."

"कानात?"

"नाई."

"तोंडात?"

"नाई."

दिव्यानीचं समाधान झालं. तिनं मोजून दोन दाणे पोरीच्या हातावर ठेवले. आचलनं मूठ मिटली. मग तिनं थोडा विचार केला, दुसऱ्या हातानं फ्रॉक वर केला, मान खाली घालून आपल्या पोटाकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं,

"माय, बेंबीत?"

बांधीत तेरा कमरा एकाच वेळी सरळ झाल्या, आणि त्यात सगळ्यात आधी सरळ झाली ती गड्याची.